वापरलेली बाराबोरची काडतुसं घरी भरायची आहेत? आधी परवान्याचं गणित बघा

आजोबांची पत्र्याची ट्रंक उघडली तेव्हा तळाशी, जुन्या पंचांगांखाली, एक कापडी पट्टा निघाला आणि त्यात बाराबोरची, म्हणजे गुळगुळीत नळीच्या बंदुकीची, अकरा काडतुसं. सात रिकामी पितळी, बुडाला हिरवा गंज चढलेला, आणि चार कागदी, भरलेली, दमट हवेने इतकी फुगलेली की पट्ट्याच्या खोबणीतून निघेनात. सोबत एक लाकडी दांडका आणि बंदुकीची दारू मोजायचं पितळी माप. धाकटा भाऊ लगेच खूश, म्हणे अरे हे तर काडतूस भरायचं सामान, व्हिडिओत दाखवतात ना तसं, प्लास्टिकची वापरलेली पण परत भरता येतात, काकांचं लायसन्स आहेच, छर्‍यांऐवजी एकच गोळी असलेली आपण घरीच भरू, दुकानाची काडतुसं कशाला. मी म्हटलं हात लावू नकोस, आधी कायदा बघू. त्या बघण्यातून जे कळलं ते इथे लिहितोय, कारण हा प्रश्न बऱ्याच लायसन्सवाल्या घरांत पडतो आणि उत्तर मात्र ऐकीव असतं.

तर पहिली गोष्ट. बंदूक बाळगायचा परवाना वेगळा आणि दारूगोळा बनवायचा परवाना वेगळा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ खाली आपल्याला जे मिळतं ते बंदूक आणि काडतुसं घेणं, जवळ ठेवणं, बरोबर नेणं यापुरतं. बनवणं, विकणं, दुसऱ्याला देणं, बदल करणं, दुरुस्त करणं हे सगळं कलम ५ मध्ये येतं आणि त्याला स्वतंत्र परवाना लागतो. उत्पादनाचा परवाना शस्त्र नियम २०१६ प्रमाणे फॉर्म ७ मध्ये असतो, तो कारखानदारांसाठी, त्यात जागा, साठवण, सुरक्षा, नोंदवह्या असं सगळं येतं. घरातल्या टेबलावर महिन्याला दहा काडतुसं भरणाऱ्या माणसाने भरायचा असा साधा अर्ज काही नाही. कुणी एजंट म्हणाला की करून देतो, तर त्याला फक्त विचारा, साहेब कुठल्या फॉर्मवर?

आता भावाचा युक्तिवाद, की आपण नवीन काही बनवत नाही, जुनंच भरतोय. ऐकायला बरं वाटतं. पण कायद्यात दारूगोळ्याची व्याख्या फार लांबरुंद आहे, कलम २(१)(ब) नीट वाचा. त्यात नुसतं भरलेलं काडतूस नाही, बंदुकीत भरायचा बार आणि त्याचं सामान, दारूगोळ्याचे सुटे भाग आणि दारूगोळा बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा दारूगोळाच धरली आहे. म्हणजे काडतूस भरायचा हातप्रेस, ज्याला लोक ‘साधं मशीन’ म्हणतात, तो ऑनलाइन मागवला तरी आपण कागदावर दारूगोळाच मागवलेला असतो. बिनपरवाना बनवण्याची शिक्षा कलम २५(१) मध्ये आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती कमीत कमी सात वर्षं, वरची मर्यादा जन्मठेप, शिवाय दंड. आधी ही तीन ते सात वर्षं होती. जुने लोक सांगतात की आमच्या वेळी सगळे भरायचे, ते खरंही असेल, पण ते सांगताना हा आकडा कुणी सांगत नाही.

मग रिकामी टरफलं घरात ठेवणं पण गुन्हा का? इथे एक कलम आहे जे मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलं, कलम ४५(ड). शस्त्राचे किंवा दारूगोळ्याचे किरकोळ भाग जर दुसऱ्या पूरक भागांबरोबर वापरायच्या हेतूने ठेवलेले नसतील, तर त्यांना हा कायदा लागू होत नाही. शोकेसमध्ये एक पितळी टरफल आठवण म्हणून ठेवलंय, त्याचा पेनस्टँड केलाय, तिथे हे कलम तुमच्या बाजूने बोलतं. पण त्याच टरफलाशेजारी दारूचा डबा, टोप्यांची (दारू पेटवणाऱ्या) डबी, वाद (दारू आणि छर्‍यांमधली चकती) आणि शिशाच्या गोळ्या ठेवल्या की हेतू काय होता हे वेगळं सांगावं लागत नाही, टेबलच सांगतं. आणि ‘पूरक भाग’ तुमच्याच घरात असायला हवेत असंही नाही, कलमात दुसऱ्या कुणाकडे असलेले भागपण धरलेत. म्हणजे मी टरफलं जमवतो आणि मित्र दारू आणतो ही आयडिया पण गेली.

ठासणीची बंदूक हा प्रकार वेगळा. तिच्यात काडतूस नसतंच, नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासायचे, कानावर टोपी बसवायची, म्हणजे भरणं हाच तिचा वापर. तिच्या परवान्यावर दारू आणि टोप्या किती ते लिहिलेलं असतं आणि तेवढंच घ्यायचं. तो परवाना दाखवून बाराबोरची काडतुसं भरायला जाऊ नका.

तांत्रिक बाजू जास्त लिहीत नाही, पण एवढं समजून घ्या. काडतुसाच्या बुडात टोपी, वर दारू, त्यावर वाद, मग छर्रे किंवा एकच जड गोळी, आणि तोंड दुमडलेलं. प्लास्टिकची नळी एकदा उडाली की दुमडीवर मऊ पडते, बुडाच्या पितळेजवळ बारीक चिरा जातात ज्या बोटाला लागत नाहीत. छर्रे वेगळे, गोळी वेगळी, दोघांना दारूचा जळायचा वेग वेगळा हवा असतो. त्यात चूक झाली तर बंदुकीची नळी फाटते, आणि ती फाटते तेव्हा डावा हात तिच्याखालीच असतो. आणि आपल्याकडे तयार काडतुसं मिळत नाहीत असंही नाही, पुण्याच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बाराबोरची काडतुसं बनतात. हा कारखाना १८६९ चा, २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे.

म्हणजे कायदेशीर रस्ता उरतो एकच, नीट परवाना काढा आणि काडतुसं परवानाधारक दुकानातून घ्या. आता त्याची प्रक्रिया.

कोण अर्ज करू शकतो? वय २१ पूर्ण हवं. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर सुटल्यापासून पाच वर्षं थांबा, शांतता राखायचा बाँड लिहून दिलेला असेल तर त्याची मुदत संपेपर्यंत थांबा. मानसिक स्थिती ठीक नसेल तर परवाना नाही. पण एक चांगली गोष्ट लोकांना माहीत नसते, की तुमच्याकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, तसं कलम १४ मध्ये स्पष्ट आहे. आणि कलम १३(३) मध्ये संरक्षण किंवा खेळासाठी २० इंचांपेक्षा कमी नसलेल्या नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, आणि खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक, यांचा वेगळा उल्लेख आहे, ठासणीची पुरत नसेल तर पिकासाठी दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक पण देता येते. बाराबोर यातच बसते. पिस्तूल मागण्यापेक्षा ही केस मुळात सोपी असते असं माझं मत.

अर्ज कुठे? गावात आणि लहान शहरात जिल्हाधिकारी म्हणजे जिल्हादंडाधिकारी, पोलीस आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्त. अर्ज फॉर्म ए-१ मध्ये आणि आता नोंद एनडीएएल-एएलआयएस या केंद्रीय पोर्टलवर होते, तिथून प्रत्येक परवानाधारकाला एक युनिक आयडी मिळतो, तो नंबर नसलेला जुना परवाना घेऊन फिरू नका, आधी तो मिळवा.

कागद सांगतो. पांढऱ्या बॅकग्राउंडचे चार पासपोर्ट फोटो, जन्मतारखेचा पुरावा, आधार (नसेल तर प्रतिज्ञापत्र आणि दुसरं ओळखपत्र), राहत्या पत्त्याचा पुरावा. मग सुरक्षा प्रशिक्षण पूर्ण केल्याचा दाखला फॉर्म एस-१ मध्ये, आणि इथेच लोकांची गाडी अडते, कारण प्रशिक्षण कुठे घ्यायचं हेच माहीत नसतं, तर परवाना देणाऱ्या कार्यालयाच्या शस्त्र शाखेत विचारा, ते सांगतात कुणाचा दाखला चालतो. बंदूक सुरक्षित ठेवीन आणि वापरीन असं हमीपत्र. डॉक्टरांचा दाखला फॉर्म एस-३ मध्ये, त्यात मानसिक आणि शारीरिक फिटनेस दोन्ही हवं आणि अर्जदार दारू किंवा नशेच्या आहारी नाही हे वेगळं लिहिलेलं हवं, नुसतं ‘फिट’ लिहिलेली चिठ्ठी परत येते. पीक संरक्षणासाठी असेल तर सातबारा आणि ८अ जोडा, त्यात पीकपेरा लागलेला असू द्या, पडीक लिहिलेल्या जमिनीवर कुठलं पीक राखणार हा प्रश्न आलाच म्हणून समजा. याशिवाय जिल्ह्याजिल्ह्यात दोन-चार जादा कागद मागतात, म्हणून पहिल्या फेरीला रिकाम्या हाताने जा आणि त्यांची चेकलिस्ट घेऊन या.

अर्जातलं कारण नीट लिहा. ‘स्वसंरक्षणासाठी’ एवढा एकच शब्द लिहून लोक मोकळे होतात. त्यापेक्षा शेतात वस्ती आहे, वस्तीपासून गाव किती लांब, आधी काही घडलं असेल तर त्याची तक्रार कुठे आणि कधी दिली, असं लिहा, कारण पोलीस चौकशीला येतात तेव्हा हेच विचारतात. घरी येतात, शेजाऱ्यांशी बोलतात, बंदूक कुठे ठेवणार ते बघतात. कपाट दाखवा कुलूपवालं, आणि काडतुसांची जागा वेगळी दाखवा. पोलिसांचा अहवाल ३० दिवसांत जायला पाहिजे असं नियमात आहे, प्रत्यक्षात फाईल कुठल्या टेबलावर आहे हे तुम्हालाच विचारत राहावं लागतं.

नकार आला तर कारण लेखी मागा. कलम १४ प्रमाणे कारण नोंदवायचं असतं आणि मागितलं तर सांगायचं असतं, सार्वजनिक हिताच्या आड येत असेल तेवढं सोडून. मग कलम १८ खाली अपील, ३० दिवसांत.

परवाना मिळाला की तो पाच वर्षं चालतो, हे पण २०१९ पासून, आधी तीन वर्षं होती. एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका. रिन्यूअलचा अर्ज मुदत संपायच्या ६० दिवस आधी टाका. बंदूक घेतली की तिचा नंबर परवान्यावर चढवून घ्या. काडतुसांचा कोटा परवान्यावरच असतो, एका वेळी किती जवळ ठेवायची आणि वर्षाला किती घ्यायची असे दोन आकडे, आणि दुकानदार प्रत्येक खरेदीची नोंद करतो. कोटा कमी पडतो म्हणून तर लोकांना घरी भरायची आयडिया सुचते, पण त्याचा इलाज कोटा वाढवायचा अर्ज हा आहे. नेमबाजी करणाऱ्यांसाठी नियमांत जादा कोट्याची सोय आहे, मान्यताप्राप्त क्लबचे सदस्य असाल तर क्लबकडूनच मार्ग निघतो. आपल्या नावावरची काडतुसं मेव्हण्याला ‘दोन दे रे’ म्हणाला म्हणून देऊ नका, ते पण कलम ५ मध्येच येतं. आणि वरातीत बार काढायची हौस असेल तर कलम २५(९) वाचा, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे हे वेगळं सांगतो. रानडुक्कर मारायला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली वनखात्याची परवानगी लागते, बंदूक हातात आहे म्हणून ती आपोआप मिळत नाही.

वारसाचं काय, हे आमच्या घरात लागलं म्हणून लिहितो. परवानाधारक वारला तर कायदेशीर वारस आपल्या नावावर परवाना मागू शकतो, आणि हयातीतसुद्धा, परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा बंदूक २५ वर्षं बाळगली असेल तर वारसाकडे देता येते. मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, बाकी वारसांची ना हरकत, आणि वारसाचे स्वतःचे वर सांगितलेले सगळे कागद. हे होईपर्यंत बंदूक घरात ठेवायची नाही, कलम २१ प्रमाणे जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा नियमात बसेल तर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि पावती जपून ठेवायची.

आमच्याकडे आजोबांची बंदूक काकांच्या नावावर रीतसर झालेली होती, पण ट्रंक कुणाच्या लक्षातच नाही. त्या चार फुगलेल्या काडतुसांचा हिशेब कुठल्याच परवान्यावर नव्हता, आणि परवान्याबाहेरचा जिवंत दारूगोळा घरात म्हणजे कलम २५(१-ब), दोन ते पाच वर्षं. म्हणून आम्ही ती ठोकली नाहीत, उघडली नाहीत, गाडीत घालून फिरवली नाहीत. काकांनी ठाण्यात फोन केला, साधा अर्ज लिहिला की जुन्या सामानात अशी अशी वस्तू सापडली, वापरायचा हेतू नाही, जमा करून घ्यावी, आणि पोलीसच घरी आले. पंचनाम्यात अकराही काडतुसं मोजून लिहिली, माप आणि दांडका पण त्यांनी नेला. जमादारांनी फुगलेलं एक काडतूस बोटाने हळूच फिरवून पाहिलं, म्हणाले पाऊस लागलाय याला, आणि वाळू भरलेल्या बादलीत ठेवलं. पट्टा तेवढा परत दिला, तो आता भावाच्या खोलीत खिळ्याला टांगलाय, खोबणीत पेन आणि स्क्रू ड्रायव्हर.