इप्सिड : लहान आतड्याचा दुर्मीळ लिम्फोमा

इप्सिड हा लहान आतड्याच्या अस्तरात सुरू होणारा दुर्मीळ लिम्फोमा, म्हणजे बी-पेशी या प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. पूर्ण नाव इम्युनोप्रोलिफरेटिव्ह स्मॉल इंटेस्टायनल डिसीज. जुन्या पुस्तकांत तो ‘भूमध्यसागरी लिम्फोमा’ म्हणून सापडतो. भूमध्य समुद्राभोवतीचे देश, मध्यपूर्व आणि आफ्रिका हा त्याचा मुख्य प्रदेश असला, तरी भारतातही रुग्ण आढळले आहेत. गरिबी, अस्वच्छ पाणी आणि आतड्याचे वारंवार होणारे संसर्ग हे त्याचे सोबती.

प्रतिपिंडाच्या (संसर्गाशी लढणाऱ्या प्रथिनाच्या) रेणूत दोन जड व दोन हलक्या साखळ्या असतात. इप्सिडमधील प्लाझ्मा पेशी, म्हणजे बी-पेशींपासून बनलेल्या प्रतिपिंड करणाऱ्या पेशी, आयजीए या प्रकारच्या प्रतिपिंडाची केवळ जड साखळी, तीही काही भाग गळालेली, तयार करतात. हे प्रथिन सेलिगमन व सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये वर्णिले. २००४ मध्ये रुग्णांच्या आतड्यात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जिवाणूचा माग लागला.

रुग्ण बहुधा पंधरा ते पस्तीस वर्षांचा. विदर्भातून किंवा बालाघाट-छिंदवाड्याकडून नागपुरात ‘मेडिकल’ वा ‘मेयो’ या सरकारी रुग्णालयांत येणाऱ्या अशा माणसाची तक्रार ‘पोट चालून राहिलं’ एवढीच असू शकते. जुन्या जुलाबाचे खापर सावजी रश्श्यावर फोडायची आपल्याकडे सवयच आहे. पण रश्श्याने महिनोन्महिने वजन उतरत नाही. मळ चिकट, तेलकट असतो, पोटात मुरडा येतो, पायांवर सूज चढते, कॅल्शियम घटून हातापायांत गोळे येतात. बऱ्याच जणांची बोटांची टोके फुगतात: दोन्ही हातांची तीच बोटे नखाला नख लावून धरली, की मधली शंकरपाळ्यासारखी फट दिसत नाही. ही खूण पाहायला यंत्र लागत नाही, तरी ती हमखास राहून जाते.

ताप, खंगणे, पोटदुखी हे चित्र पाहिल्यावर आपल्या भागात आधी आतड्याच्या टीबीची शंका येते, आणि ती गैरही नाही. मात्र टीबी बहुधा लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यापाशी बसतो; इप्सिड ड्युओडेनम आणि जेजुनमचा, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागांचा, लांबलचक पट्टा व्यापतो. तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीतून तिथल्या घड्या जाड, गाठाळ दिसतात. निदान ठरते ते तिथून काढलेल्या तुकड्यांवर. रक्ताच्या नेहमीच्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये (प्रथिने वेगळी करून पाहण्याच्या तपासणीत) ते जड साखळीचे प्रथिन अनेकदा निसटते, त्यासाठी इम्युनोफिक्सेशन ही अधिक नेमकी तपासणी करावी लागते.

आजाराच्या अ, ब, क अशा तीन पायऱ्या मानतात. ‘अ’मध्ये पेशी अस्तरापुरत्याच असतात आणि इथेच या लिम्फोमाचे वेगळेपण आहे: टेट्रासायक्लिन, किंवा मेट्रोनिडाझोल व ॲम्पिसिलिन, अशी साधी प्रतिजैविके निदान सहा महिने दिल्यास अनेकांचा आजार ओसरतो. कॅन्सर म्हटला की केमो, हे समीकरण इथे लागू पडत नाही. ‘ब’मध्ये पेशी अस्तराखाली उतरतात, ‘क’मध्ये मोठ्या पेशींचा आक्रमक लिम्फोमा झालेला असतो, तेव्हा सीएचओपीसारखी (चार औषधांची) केमो, जोडीला प्रतिजैविके आणि पोषण लागते. आतडे अडणे किंवा फुटणे हे उशिराचे धोके. उपचाराविना आजार बहुतेकदा पुढच्या पायरीकडे सरकतो आणि जिवावर बेततो.

औषध लागू पडले की जुलाब आधी थांबतात, अस्तर मागाहून सुधारते. त्यामुळे वजन भरू लागले तरी पुन्हा दुर्बीण घालून नवे तुकडे तपासल्याशिवाय गोळ्या बंद करत नाहीत.