बेसचे खोके: रचावेत कुठे आणि का?

डीजेच्या भिंतीपुढे उभं राहिलं की वाटतं, स्पीकरचे खोके जितके जास्त तितका दणका. मोठ्या कार्यक्रमांच्या साउंडवाल्यांना मात्र बराच काळ छळलेला प्रश्न वेगळाच आहे: बेस, म्हणजे खालच्या पट्टीचा घुमणारा आवाज, नको तिथे जाण्यापासून अडवायचा कसा?

1974 साली अमेरिकेत ग्रेटफुल डेड बँडने ‘वॉल ऑफ साउंड’ उभी केली. वादकांच्या पाठीमागेच स्पीकरची अजस्र भिंत, त्यात बेस गिटारसाठी सुमारे 32 फूट उंच रांगा. हा संसार गावोगाव फिरवण्याचा खर्च झेपेना, म्हणून त्याच वर्षी तो गुंडाळला गेला. रूढ झाली ती सोयीची पद्धत: स्टेजच्या डावीकडे एक ढीग, उजवीकडे दुसरा.

गोची इथेच आहे. 50 हर्ट्झची लाट जवळपास 7 मीटर लांब असते. मैदानाच्या मधोमध दोन्ही ढिगांचा आवाज एकदमच पोचतो आणि बेस दणदणतो. थोडं बाजूला सरका. दोन ढिगांपासूनच्या अंतरात साडेतीन मीटरचा फरक पडला की एक लाट दुसरीला खाऊन टाकते. आवाज जुळवण्याचा मिक्सर बहुधा मधोमधच असतो, त्यामुळे साउंड इंजिनिअरला सगळं छान ऐकू येतं! यावर उतारा म्हणजे स्टेजसमोर खोक्यांची सलग रांग आणि कडेच्या खोक्यांना किंचित डिले (आवाज क्षणभर उशिरा सोडणं), म्हणजे लाट कमानीसारखी पसरते.

मागे जाणारा बेस थोपवण्याचं गणितही जुनंच. आरसीए या अमेरिकी कंपनीत काम केलेले ध्वनितज्ज्ञ हॅरी ऑल्सन यांनी 1973 मध्ये ग्रेडियंट, म्हणजे ठरावीक दिशेलाच आवाज फेकणाऱ्या, लाउडस्पीकरवर निबंध लिहिला होता. आज तीनपैकी एक खोका उलटा फिरवून, पोलॅरिटी बदलून (म्हणजे त्याची लाट उलटी करून), डिले देऊन तेच साधतात. थोडी ताकद वाया जाते, पण स्टेजवरचे माइक घुमत नाहीत. डिजिटल प्रोसेसर स्वस्त झाल्यावरच हे सर्रास होऊ लागलं.

बंद सभागृहात भिंतीही खेळात उतरतात. खोका मागच्या भिंतीपासून 1.7 मीटरवर ठेवला, तर परावर्तित लाट समोरचा 50 हर्ट्झ मारते. त्यापेक्षा तो भिंतीला चिकटवलेला बरा.

शेजाऱ्यांचा प्रश्न उरतोच. आपल्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतली निवासी भागाची मर्यादा, दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, ‘ए’ मापावर ठरते. त्या मापात 50 हर्ट्झचा आवाज सुमारे 30 डेसिबलने कमी धरला जातो. फ्रान्सने 2017 मध्ये प्रेक्षकांच्या कानांसाठी ‘ए’ मापावर 102 आणि सोबत बेसही पकडणाऱ्या ‘सी’ मापावर 118 डेसिबल अशी दुहेरी मर्यादा घातली.