पंचवटी व तपोवन (नाशिक)

नाशिक शहरात गोदावरीच्या डाव्या तीरावर वसलेली पंचवटी आणि तिच्या खालच्या अंगास, कपिला-गोदावरी संगमाजवळचे तपोवन, हा परंपरेने रामायणातील दंडकारण्याचा भाग मानलेला वनप्रदेश. यात्रास्थान म्हणून तो सर्वपरिचित आहे. विवाद आहे तो त्याच्या स्थाननिश्चितीबद्दल.

वाल्मीकि रामायणाच्या अरण्यकांडात अगस्त्य आपल्या आश्रमापासून दोन योजनांवर, गोदावरीजवळ पंचवटी असल्याचे रामाला सांगतात. अगस्त्याश्रम अकोल्याचा (जि. अहिल्यानगर) की अंकाई किल्ल्यावरचा, यावर मतभेद आहेत, योजनाचे मापही सर्वत्र एक नाही. त्यामुळे या अंतरावरून निर्णय होत नाही. इंग्रज संशोधक पार्जिटरने जनस्थान (रामायणात पंचवटी ज्यात येते तो प्रदेश) बरेच पूर्वेला, गोदावरी-प्राणहिता संगमाच्या परिसरात सुचवले. तेलंगणात भद्राचलमजवळच्या पर्णशाला गावीही हीच परंपरा सांगतात. काव्यातील वृक्षयादी दोन्ही बाजूंना वापरता येते. धव (धावडा), खदिर (खैर), शमी, किंशुक (पळस) ही नाशिकच्या कोरड्या पानगळी रानाची झाडे. त्याच यादीतला साल वृक्ष मात्र येथे नैसर्गिकरीत्या वाढत नाही. अशा याद्यांत कविसंकेताचा भाग मोठा असतो, तेव्हा एकट्या सालावरून नाशिकचा दावा फेटाळणे योग्य वाटत नाही.

शिलालेखांचा पुरावा अधिक सावधपणे वाचावा लागतो. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांतील लेखांत नासिक, गोवर्धन व तिरण्हु (त्रिरश्मी डोंगर) ही नावे आहेत, पंचवटी नाही. लेणे क्र. १० मधील उषवदाताच्या (क्षत्रप नहपानाचा जावई) लेखात (साधारणतः इ. स. पहिले-दुसरे शतक) रामतीर्थाचा उल्लेख येतो, पण ते शूर्पारकचे, म्हणजे सोपाऱ्याचे. त्याच लेखात नानंगोल गावच्या बत्तीस हजार नारळीच्या झाडांचे दान नोंदवले आहे. इतक्या बारकाईने दाने व तीर्थे नोंदवणाऱ्या लेखात गोदाकाठचे रामक्षेत्र नसावे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. नाशिकची रामकथेशी सांगड त्यानंतर दृढ झाली, हे मत त्यामुळे अधिक संभाव्य दिसते.

‘पंचवटी’चा रूढ अर्थ पाच वडांची जागा असा असून सीतागुंफेजवळचे वड त्यासाठी दाखवले जातात. धर्मशास्त्रीय परंपरेत मात्र हे वृक्षारोपणाच्या एका विधीचे नाव आहे: पूर्वेस पिंपळ, उत्तरेस बेल, पश्चिमेस वड, दक्षिणेस आवळा, आग्नेयेस अशोक. यादवकालीन पंडित हेमाद्रीच्या व्रतखंडात ही मांडणी स्कंदपुराणाच्या आधारे दिली आहे. आजचे वड स्थलनामाचा उगम नसून नावावरून जपली गेलेली खूण असावेत.

‘जनस्थान’ हे नाव खर या राक्षसाच्या चौदा हजार राक्षसांच्या ठाण्याशी निगडित आहे. कृतयुगात पद्मनगर, त्रेतायुगात त्रिकंटक, द्वापरात जनस्थान आणि कलियुगात नासिक, अशी शहराची नावे सांगणारा एक श्लोक प्रचलित आहे. राम त्रेतायुगातला असताना जनस्थान द्वापरात घातल्यामुळे रामायणाशी मेळ बसत नाही. कालक्रमासाठी हा श्लोक वापरू नये. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या जनस्थान पुरस्कारामुळे हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. परिसरात रामकुंड, सीताकुंड, लक्ष्मणकुंड ही कुंडे, उत्तरेस रामशेज किल्ला आणि इगतपुरी तालुक्यात जटायूच्या कथेशी जोडलेले टाकेद, असा या स्थलनामांचा विस्तार आहे.

मोगल काळात शहर गुलशनाबाद या नावाने ओळखले जाई. मराठा अंमलात जुने नाव पुन्हा रूढ झाले आणि पंचवटीत मंदिरे व वाडे उभे राहिले. काळाराम मंदिर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सरदार रंगराव ओढेकर यांनी बांधविले. पंचवटी अशी गावठाण बनली, तपोवनात झाडी राहिली. लक्ष्मण मंदिर, पर्णकुटी व संगमाच्या खडकाळ पात्रालगतच्या गुंफा ही तेथील स्थाने होत.

सिंहस्थात साधूंचे तळ तपोवनात पडतात. २०२७ च्या सिंहस्थासाठी साधुग्राम उभारताना येथील झाडे तोडण्याच्या प्रस्तावाला २०२५ च्या अखेरीस नाशिककरांनी तीव्र विरोध केला. ही झाडी रामायणकालीन अरण्याचा अवशेष म्हणता येणार नाही. ती राखण्याचे कारण त्याहून साधे आहे: गोदाकाठी शहराच्या इतक्या जवळ उरलेली अशी सावली थोडी आहे.