भिंतीवरची मोकळी जागा : विक्का धर्म आणि अमेरिकी सरकारची चिन्हांची यादी

अमेरिकेच्या नेवाडा राज्यात फर्नली नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या सैनिकांच्या दफनभूमीत एक भिंत उभी आहे. युद्धात कामी आलेल्या जवानांच्या धातूच्या पाट्या तिच्यावर बसवतात: नाव, हुद्दा, तारखा आणि धर्माचं चिन्ह. २००६ साली या भिंतीवर एका पाटीची जागा मोकळी होती. ती सार्जंट पॅट्रिक स्ट्युअर्ट यांची. २५ सप्टेंबर २००५ रोजी अफगाणिस्तानात त्यांचं चिनूक हेलिकॉप्टर पाडण्यात आलं आणि आतले पाचही जण गेले. स्ट्युअर्ट ३४ वर्षांचे होते. ब्राँझ स्टार आणि पर्पल हार्ट ही पदकं त्यांना मरणोत्तर मिळाली. पाटी द्यायलाही सरकार तयार होतं, फक्त तिच्यावर त्यांच्या धर्माचं चिन्ह कोरायला तयार नव्हतं. त्यांच्या पत्नी रोबर्टा यांनी अशी कोरी पाटी घ्यायला नकार दिला.

स्ट्युअर्ट विक्का धर्म मानायचे. त्यांना हवं होतं ते चिन्ह म्हणजे वर्तुळात बसवलेला पाच टोकांचा तारा. पृथ्वी, जल, अग्नी, वायू आणि पाचवं चैतन्य, असा त्या टोकांचा अर्थ विक्कन लोक लावतात. पंचमहाभूतं लहानपणापासून ऐकत आलेल्या मराठी माणसाला यात भीतीदायक काय आहे ते समजावून सांगावं लागेल. अमेरिकेत मात्र भयपटांनी हाच तारा सैतानाच्या नावावर चढवून ठेवला होता. विक्कामध्ये सैतान नाही. सैतान ही ख्रिस्ती धर्मातली कल्पना. यांच्यात देवी आहे, शिंग असलेला वनदेव आहे, ऋतूंप्रमाणे येणारे वर्षाचे आठ सण आहेत, आणि कुणाला इजा होणार नसेल तर मनाला पटेल ते कर, अशी शिकवण आहे.

अडचण आहे ती एका शब्दाची. या पंथातले अनेक जण स्वतःला 'विच' म्हणवतात. मराठीत आपण त्याचं सरळ 'चेटकीण' करतो आणि डोळ्यांपुढे भलतंच चित्र उभं राहतं. आपल्याकडे नंदुरबारच्या सातपुड्यात एखाद्या बाईला 'डाकीण' ठरवतात तेव्हा तो शिक्का गाव मारतं, ती बाई नव्हे. अशा बायकांना मारहाण झाली आहे, जीवही गेले आहेत. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात असा ठपका ठेवून एखाद्याचा छळ करणं गुन्हा ठरलं, ते याचसाठी. विक्कन लोकांनी हा शिक्का आपणहून अंगावर घेतला, कारण युरोपात ज्यांना चेटकीण म्हणून मारलं त्यांच्याशी त्यांना नातं सांगायचं होतं. या दोन गोष्टींची गल्लत करू नये. पण त्या शब्दात साठलेली भीती दोन्हीकडे सारखीच आहे, आणि कायदा बदलला म्हणून ती जात नाही.

कायद्याचाच इतिहास पाहू. इंग्लंडमध्ये १५६३ आणि १६०४ च्या कायद्यांनी चेटूक हा देहदंडाचा गुन्हा केला होता. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या सेलममध्ये १६९२ साली १९ जणांना फाशी दिलं आणि एका म्हाताऱ्याला दगडांखाली चिरडून मारलं. १७३५ च्या ब्रिटिश कायद्याने ही शिक्षा संपवली. चेटूक नसतंच, तेव्हा ते येतं असं सांगणारा लबाड, त्याला वर्षभर तुरुंग, असं त्याचं साधारण सूत्र. हा कायदा दोनशेहून अधिक वर्षं टिकला. हेलन डंकन या मृतात्म्यांशी बोलणाऱ्या बाईंना १९४४ मध्ये, दुसरं महायुद्ध चालू असताना, याच कायद्याखाली नऊ महिन्यांची शिक्षा झाली. १९५१ मध्ये तो रद्द झाला. मलायात जकात खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले जेरल्ड गार्डनर त्यानंतर उघडपणे बोलू लागले आणि १९५४ साली त्यांनी या विषयावर पुस्तक काढलं. आज जिला विक्का म्हणतात ती उपासना तिथून जगापुढे आली. धर्म म्हणून ती विसाव्या शतकातलीच आहे, आणि नवी आहे म्हणून तिचा हक्क कमी होत नाही.

साठच्या दशकात ती अमेरिकेत पोहोचली. १९७८ मध्ये अमेरिकी लष्कराने आपल्या धर्मगुरूंसाठी एक माहितीपुस्तिका काढली. निरनिराळ्या लहान पंथांबरोबर विक्काची माहितीही तिच्यात दिली होती. म्हणजे लष्कराला हा धर्म तेव्हापासून माहीत होता. सैनिकाला कागदावर धर्माच्या रकान्यात 'विक्का' लिहिता येत असे.

विरोध राजकारणातून आला. १९८५ साली सिनेटर जेसी हेल्म्स यांनी चेटूक किंवा सैतानपूजेचा प्रसार करणाऱ्या संस्थांची करमाफी काढून घेणारी दुरुस्ती सिनेटमध्ये मंजूर करून घेतली. दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीत ती गळाली. त्याच सुमारास व्हर्जिनियातल्या एका तुरुंगातून आलेलं प्रकरण न्यायालयापुढे होतं. हर्बर्ट डेटमर या कैद्याने उपासनेसाठी मीठ, मेणबत्त्या, धूप, गजराचं छोटं घड्याळ आणि टोपी नसलेला पांढरा झगा एवढंच मागितलं होतं. १९८६ मध्ये चौथ्या मंडळाच्या फेडरल अपील न्यायालयाने विक्का हा राज्यघटनेच्या संरक्षणास पात्र धर्म आहे असं मान्य केलं, पण सुरक्षेचं कारण देऊन वस्तू नाकारल्या. धर्म कबूल, मेणबत्ती नाकबूल. मला हा निकाल पुढच्या वीस वर्षांचं सार वाटतो.

१९९९ मध्ये टेक्सासच्या फोर्ट हूड तळावर विक्कन सैनिक एकत्र येऊन उपासना करतात, ही बातमी फुटली. अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे सदस्य बॉब बार यांनी ती उपासना बंद करा म्हणून मागणी केली. काही ख्रिस्ती संघटनांनी तर तरुणांनी लष्करात भरतीच होऊ नये असं आवाहन केलं. टेक्सासचे तेव्हाचे गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश दूरचित्रवाणीवर म्हणाले, की चेटूक हा काही धर्म आहे असं आपल्याला वाटत नाही, लष्कराने फेरविचार करावा. लष्कर बधलं नाही. पण पुढच्याच निवडणुकीनंतर बुश राष्ट्राध्यक्ष झाले, आणि माजी सैनिकांचं खातं त्यांच्या हाताखाली आलं.

थडग्यांवरच्या चिन्हांची यादी हेच खातं ठेवतं. तिच्यात तेव्हा ३८ चिन्हं होती: नाना प्रकारचे क्रूस, ज्यूंचा तारा, मुसलमानांचं, बौद्धांचं, हिंदूंचं, शिखांचं चिन्ह. नास्तिकांसाठीसुद्धा अणूची आकृती होती. विक्कन गटांचे अर्ज १९९७ पासून पडून होते. तेव्हा नियम असा होता, की धर्माच्या मध्यवर्ती प्रमुखाने, मुख्यालयाने कागद द्यावेत. विक्कामध्ये पोप नाही, मुख्यालय नाही. दहाबारा जणांचे गट आपापल्या घरी, माळरानावर जमतात. जो कागद अस्तित्वातच नाही तो मागायचा, आणि अर्ज विचाराधीन ठेवायचा. नकारही नाही, की त्याविरुद्ध दाद मागावी. दरम्यान इतर पंथांची चिन्हं यादीत येत गेली.

याच काळात इतरत्र काय चाललं होतं? इंडियानात एका घटस्फोटाच्या आदेशात न्यायाधीशांनी आईवडील दोघांनाही बजावलं, की मुलाला 'मुख्य प्रवाहाबाहेरच्या' धार्मिक विधींपासून दूर ठेवा. दोघंही विक्कन होते, दोघांचं या बाबतीत काही भांडण नव्हतं. ऑगस्ट २००५ मध्ये वरच्या न्यायालयाने ती अट काढून टाकली.

व्हर्जिनियाच्या चेस्टरफील्ड काउंटीतलं प्रकरण तर परदेशातल्या आपल्या माणसांनी नीट वाचावं. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग; तिचा कारभार पाहणाऱ्या मंडळाची सभा प्रार्थनेने सुरू होई आणि त्यासाठी स्थानिक धर्मगुरूंची यादी असे. २००२ मध्ये एका विक्कन पुजारी बाईंनी त्या यादीत नाव घालायला सांगितलं. काउंटीच्या वकिलांनी कळवलं, की प्रार्थना ज्यू-ख्रिस्ती परंपरेतल्या देवाची असते, आणि विक्का अनेक, ख्रिस्तपूर्व देवतांना आवाहन करतो, म्हणून नाव घालता येणार नाही. खालच्या न्यायालयात त्या जिंकल्या; एप्रिल २००५ मध्ये डेटमर प्रकरणातल्या त्याच फेडरल अपील न्यायालयाने काउंटीच्या बाजूने निकाल दिला. नाकारण्याचं कारण 'अनेक देवता' हे असेल, तर गणपती आणि देवीपुढे हात जोडणाऱ्याचं तिथे काय होईल? १२ जुलै २००७ रोजी सिनेटमध्ये पहिल्यांदा हिंदू प्रार्थना झाली. ती म्हणणारे राजन झेड नेवाडाचेच. प्रेक्षक सज्जातून तिघांनी आरडाओरडा करून त्यांना अडवलं आणि पोलिसांनी त्या तिघांना बाहेर नेलं.

फर्नलीत रोबर्टा स्ट्युअर्ट यांनी २००६ चा सैनिक स्मृतिदिन अधिकृत कार्यक्रमाऐवजी वेगळा साजरा केला, सर्व धर्मांच्या नावाने. राज्य सरकारने त्यांचं ऐकलं. भिंत राज्याच्या दफनभूमीत आहे, तेव्हा केंद्राच्या खात्याला विचारायची गरज नाही, अशी भूमिका नेवाडाने सप्टेंबरमध्ये घेतली आणि वर्षअखेरीस ताऱ्यासह पाटी लागली. पण देशात इतर ठिकाणची थडगी तशीच होती. कोरियन युद्धात लढलेल्या एका विक्कन सैनिकाची विधवा, विस्कॉन्सिनची सर्कल सँक्च्युअरी ही संस्था, रोबर्टा आणि आणखी काही जण यांनी नोव्हेंबर २००६ मध्ये फेडरल न्यायालयात दावा लावला. धर्म आणि सरकार वेगळे राहावेत यासाठी झटणाऱ्या 'अमेरिकन्स युनायटेड' या संस्थेचे वकील त्यांच्या बाजूने होते.

२३ एप्रिल २००७ रोजी सरकारने तडजोड केली. तारा यादीत आला. वकिलांच्या खर्चापोटी सरकारने २,२५,००० डॉलर भरले. बुश यांच्या १९९९ च्या त्या वक्तव्याचा खात्यातल्या निर्णयावर परिणाम झाल्याचं कागदपत्रांतून दिसतं, असं वादींच्या वकिलांचं म्हणणं होतं. मात्र सरकारकडून मिळालेली कागदपत्रं उघड करायची नाहीत, अशी अट तडजोडीतच होती. ज्या कागदांनी हा सगळा उशीर का झाला ते कळलं असतं, तेच बंद झाले, याची मला आजही खंत वाटते.

यादी पुढे वाढत गेली. २०१३ मध्ये नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या, देवतांना मानणाऱ्यांसाठी थॉरचा हातोडा आला. दरम्यान कोलोरॅडोतल्या हवाई दलाच्या अकादमीने निसर्गपूजक छात्रांसाठी एका टेकडीवर दगडांचं वर्तुळ तयार करायला घेतलं होतं. २०१० च्या जानेवारीत, ते वापरात येण्याआधीच, कुणीतरी रेल्वेचे लाकडी स्लीपर जोडून केलेला मोठा क्रूस त्या दगडांपाशी आणून ठेवला.