‘इंटरवलपर्यंत बरा आहे’ : एका शेऱ्याची पार्श्वभूमी

साताऱ्यात किंवा सांगलीत पिक्चर बघून आलेल्या माणसाला ‘कसा आहे?’ विचारलं, की उत्तर बहुतेकदा तुकड्यांत येतं. ‘इंटरवलपर्यंत बरा आहे.’ ‘सुरुवात सोसा, मग पकडतो.’ ‘शेवट गुंडाळलाय.’ ही सवय परीक्षणं वाचून लागलेली नाही. आमच्या मते ती बरीचशी सिनेमाच्या पट्टीच्या रिळांनी लावली, त्यातही जत्रेतल्या सिनेमाच्या तंबूने.

सांगलीकर यावर म्हणतील, की आमच्याकडे 1843 सालीच विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. पुढे संगीत नाटकं आली आणि अंक पडला की पदांचा हिशेब मांडायला लोक तेव्हापासूनच शिकले. खरं आहे. पण नाटकाचा अंक लेखकाने ठरवलेल्या जागी पडतो. रिळाचं तसं नव्हतं.

35 मिमीच्या पट्टीवर एका फुटात 16 चित्रं बसतात. सेकंदाला 24 चित्रं दाखवायची म्हणजे मिनिटाला 90 फूट पट्टी पळते. अडीच तासांचा पिक्चर साधारण 14 हजार फुटांचा. दोन-दोन हजार फूट गुंडाळले तर सात रिळं, प्रत्येक 22 मिनिटांचं. शहरातल्या थिएटरात पट्टी दाखवणारी मशिनं दोन असत. रीळ संपायला सात-आठ सेकंद उरले, की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकायचा आणि ऑपरेटर दुसऱ्या मशिनची मोटर चालू करायचा. दुसरा ठिपका अगदी शेवटच्या सेकंदाला. त्यावर उजेड एका मशिनवरून दुसऱ्यावर गेला, की खाली बसलेल्याला काही कळतही नसे.

तंबूत मशीन बहुधा एकच. डिसेंबर-जानेवारीत पुसेगावला सेवागिरी महाराजांची जत्रा भरते, तिथे तंबू लागायचे. एका मशिनवर सात रिळं म्हणजे सहा थांबे. त्यातला एक इंटरवलमध्ये जिरला तरी पाच उरतात. रीळ उतरवा, दुसरं चढवा, पट्टी दातेरी चाकांवर बसवा, वर-खाली लूप, म्हणजे पट्टीचा सैल वळसा, सोडा. हात बसलेल्या माणसालाही दोन-तीन मिनिटं लागणारच. तेवढ्यात दिवे लागायचे, शेंगा फुटायच्या आणि आत्ताच बघितलेल्या 22 मिनिटांवर निकाल लागायचा. हाणामारी ऐन रंगात असताना रीळ संपलं, तर शिव्या दिग्दर्शकालाही पडायच्या.

त्या निकालातला मोठा वाटा मशिनचा असे, सिनेमाचा नव्हे. पट्टी चित्राच्या खिडकीपाशी थांबत-थांबत सरकते, पण आवाज वाचणाऱ्या भागावरून तिला एकसारखं पळावं लागतं. त्यासाठीच मधे लूप सोडतात. आवाजाची रेघ आपल्या चित्राच्या 20 चौकटी (पट्टीवरची एकेक चित्रं) पुढे छापलेली असते. खालचा लूप तीन-चार चौकटींनी चुकला, तरी ओठ आणि शब्द जुळेनासे होतात. लोक म्हणायचे, ‘डबिंग बेकार आहे.’ जनरेटर दमला की मोटर मंदावायची आणि गायिकेचा आवाज भरडा निघायचा. मशिनला उजेड देणाऱ्या कार्बनच्या दोन कांड्या जळून त्यांच्यातलं अंतर वाढलं, की उजेड पिवळा पडून फडफडतो. रात्रीचे प्रसंग मग नुसते काळे. ‘फोटोग्राफी काही दिसत नाही’ हे मत अशा वेळी अक्षरशः खरं असायचं.

आणि प्रिंट. ती नव्या कोऱ्या अवस्थेत खेड्यापर्यंत क्वचितच यायची. रिळाचं तोंड आणि शेपूट सगळ्यात आधी झिजतात, कारण हाताळणी तिथेच होते. पट्टी तुटली की तुटलेल्या कडा कापून जोड द्यायचा. प्रत्येक जोडाला दोन-चार चौकटी जातात आणि बऱ्याच फेऱ्यांनंतर संवादाचं अर्धं वाक्य जातं. ‘कथा तुटक वाटते’ म्हणणाऱ्याने कदाचित तुटकच कथा बघितलेली असायची. पडद्यावर सतत पाऊस पडायचा तो ओरखड्यांचा.

टीव्हीने थांबे बदलले, सवय नाही. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. आपल्याकडे चित्र पोचायला छपरावर उंच अँटेना, ती फिरवणारा एकजण आणि ‘आलं, आलं… गेलं’ ओरडणारा दुसरा. मुंग्यांमधून दिसेल तेवढ्यावर मत. पुढे वाहिन्या आल्या आणि रिळाची जागा जाहिरातींनी घेतली.

वाई-मेणवलीकडे आणखी एक कसोटी आहे, ओळखीच्या जागेची. इकडेच चित्रित झालेल्या ‘गंगाजल’मधला बिहार किंवा ‘स्वदेस’मधलं उत्तरेकडचं गाव बघताना इथल्या माणसाला आपलाच घाट दिसतो. कथेत बुडणं त्याला जरा जड जातं, पण लोकेशनच्या चुका त्याच्याइतक्या कुणी पकडत नाही.

आता प्रिंट नाही, रीळ नाही. फाइल अखंड चालते. इंटरवल मात्र राहिला, कारण खाण्याची विक्री तेव्हाच होते. आपल्याकडचे दिग्दर्शक त्यासाठी आधीच वळण बांधून ठेवतात. परदेशी चित्रपटाला इंटरवल नसतोच. मग थिएटरवाले मध्याच्या आसपास तो कापतात, कधी कधी पात्र बोलत असतानाच, आणि रांगेत उभा माणूस पुढच्याला सांगतो, ‘पहिला हाफ तसा अर्धवटच आहे.’