कोयनेचा धक्का आणि किल्लारीच्या भिंती

‘कोयना परिसराला भूकंपाचा सौम्य धक्का, धरण सुरक्षित.’ सातारा, सांगली, रत्नागिरीकडच्या वाचकांना ही बातमी तोंडपाठ असते. तीव्रता इतकी, केंद्रबिंदू हेळवाकपासून अमुक किलोमीटरवर, कुठेही जीवित वा वित्तहानी नाही. पाटण तालुक्यात लहानसहान धक्क्याची कुणी फारशी दखल घेत नाही. मात्र चार तीव्रतेच्या आसपासचा आला, फडताळातली भांडी वाजली, की पहिली चौकशी धरणाची होते. खाली कऱ्हाड, त्याच्या खाली सांगली. शंभर टीएमसीच्या आसपास पाणी डोक्यावर असल्यावर दुसरं काय होणार?

ही भीती तशी तरुण आहे. दख्खनचं पठार म्हणजे भरभक्कम काळा दगड, भूकंप हिमालयाच्या बाजूला व्हायचे, असंच साठ वर्षांपूर्वीपर्यंत शिकवलं जाई. 1962 च्या भूकंपक्षेत्रांच्या नकाशात द्वीपकल्पाचा मोठा भाग चक्क ‘शून्य’ क्षेत्रात होता. कोयनेचं 103 मीटर उंचीचं धरण त्याच समजुतीत उभं राहिलं. भूकंपाचा विचारच केला नव्हता असं नाही, पण गृहीत धरलेला आडवा जोर गुरुत्वाकर्षणाच्या जेमतेम पाच टक्के होता.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला शिवसागर जलाशयात पाणी साठू लागलं आणि लगेच जमीन गुरगुरायला लागली. आवाज सुरुंगासारखे, आणि सुरुंग तर प्रकल्पावर रोजचेच. पुढे भूकंपमापक यंत्रं बसली, धक्क्यांची नोंद होऊ लागली. 1967 च्या पावसाळ्यात पाणी आधीपेक्षा वर चढलं आणि बराच काळ तिथेच टिकलं. सप्टेंबरात पाचच्या वरचा एक धक्का बसला. मग 11 डिसेंबरला पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगरमधली बहुतेक घरं पडली, 180 च्या आसपास माणसं गेली, दोन हजारांवर जखमी झाली. कोयनेची वीज बंद पडली आणि मुंबईचे कारखाने थंडावले.

धरणातल्याच यंत्रावर जोर नोंदला गेला तो गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास निम्मा, म्हणजे हिशेबात धरलेल्याच्या सुमारे दसपट. तरी धरण टिकलं. मागचा उतार वरच्या भागात जिथे एकदम बदलतो, तिथे आडव्या भेगा पडल्या. त्या बुजवून पुढे मागच्या बाजूने काँक्रीटचे जाडजूड टेकू उभारले आणि बराच काळानंतर सांडव्याचा भागही भक्कम केला. लोकांच्या मनात मात्र पानशेत ताजं होतं. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटून पुणं वाहून गेल्याला उणीपुरी साडेसहा वर्षं झाली होती. पानशेतला भूकंपाचं कारण नव्हतं, पण धरण फुटू शकतं हे माणसांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ‘धरण सुरक्षित’ हे दोन शब्द प्रत्येक बातमीत लागतात, त्याची मुळं मला इथे दिसतात.

धरणाने भूकंप होतो का, यावर मग बरीच वर्षं वाद झाले. अमेरिकेतला मीड जलाशय, आफ्रिकेतला करिबा, ग्रीसमधला क्रेमास्ता ही उदाहरणं होतीच. कोयना त्या यादीत सगळ्यांत वर गेली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतल्या हर्ष गुप्तांसारख्यांनी पाण्याची पातळी आणि धक्के यांचा मेळ वर्षानुवर्षं तपासला. ताण खडकात आधीपासूनच साठलेला असतो. जलाशयाचं वजन आणि भेगांतून खोल झिरपलेलं पाणी तो थोडा लवकर मोकळा करतात. म्हणून पावसाळा सरून तलाव भरला की धक्के वाढतात. 1985 पासून वारणेच्या जलाशयात पाणी साठू लागलं, तेव्हा काही वर्षांनी धक्क्यांचं केंद्रही दक्षिणेकडे सरकलं. पण सगळा खेळ साधारण 20 बाय 30 किलोमीटरच्या पट्ट्यातच चालतो. बाकी महाराष्ट्राने यातून सोयीचा अर्थ काढला, की भूकंप हे कोयनेचं दुखणं.

तो समज 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी मराठवाड्यातल्या किल्लारीच्या भूकंपाने मोडला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून गावं झोपली होती. तीव्रता 6.2, म्हणजे जवळपास कोयनेएवढीच. मृत्यू मात्र आठ-दहा हजारांच्या घरात. किल्लारी, सास्तूर, होळी, राजेगाव ही नावं राज्याला त्या दिवशी कळली. वर्षभर आधी किल्लारीत धक्के बसले होते आणि माणसं घाबरलीही होती. पण सरकारी नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. माकणीच्या निम्न तेरणा धरणाकडे बोट दाखवलं गेलं, त्यावर शास्त्रज्ञांचं एकमत झालं नाही.

माणसं कशाने मेली, यावर मात्र दुमत नाही. दोन-अडीच फूट जाडीची भिंत, आत आणि बाहेर दगडाचे दोन वेगळे पडदे, मध्ये माती आणि चिपा. दोन्ही पडद्यांना आरपार बांधणारा दगड नाही. वर लाकडी फळ्यांवर फूट-दोन फूट मातीचं माळवद, गळतं म्हणून वरून आणखी माती टाकलेलं. उन्हाळ्यात थंड राहणारं झकास घर. जमीन हलली तसे भिंतीचे दोन पडदे फाकले आणि वरची सगळी माती झोपलेल्या माणसांवर आली. त्याच गावांत पत्र्याखाली झोपलेले बरेच जण वाचले.

नकाशे दोन्ही वेळा मागाहून बदलले. 1970 मध्ये ‘शून्य’ क्षेत्र पुसलं गेलं आणि कोयना चौथ्या क्षेत्रात गेली. 2002 मध्ये पहिलं क्षेत्रही गेलं आणि किल्लारी तिसऱ्यात आली. मुंबई, पुणेही तिसऱ्यातच. 2018 च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीत धक्क्यांची रांग लागली, धुंदलवाडीकडचे लोक थंडीत घराबाहेर झोपले. 2024 मध्ये हिंगोलीत साडेचार तीव्रतेचे धक्के बसले. अशा वेळी ‘येत्या 24 तासांत मोठा भूकंप’ हा व्हॉट्सॲपवरचा निरोप हटकून फिरतो. तो सरळ पुसून टाकावा, तारीख-वेळ सांगणारं शास्त्र जगात कुठेही नाही. कोयनेजवळ गोठणे इथे 2017 मध्ये तीन किलोमीटर खोल छिद्र पाडलं गेलं, तेही भूकंप जिथे जन्मतो त्या खडकाचा अभ्यास करायला. काळा दगड साधारण सव्वा किलोमीटरवर संपला आणि खाली जुना ग्रॅनाइटी खडक लागला.

शहरातल्या इमारतीच्या आराखड्यात आता भूकंपाचं क्षेत्र मांडावं लागतं, अभियंत्याची सही लागते. गावठाणातलं दगड-मातीचं घर बहुधा या वाटेला जातच नाही. ते गवंड्याच्या अंदाजाने उभं राहतं आणि माळवद गळायला लागलं की त्यावर अजूनही मातीच पडते.