आपोआप सुई देणारं मशीन आलं कुठून?

मागच्या महिन्यात अमळनेरला भाचीच्या दंडाला शुगरचा सेन्सर लावला. नऊ वर्षांची पोर, टाइप वन डायबेटिस, म्हणजे शुगर ताब्यात ठेवणारं इन्सुलिन अंगात बनणंच बंद, दिवसाच्या चार सुया ठरलेल्या. दहाच्या नाण्यापेक्षा जरा मोठं ते बटण बघून तिच्या आजीनं विचारलं, "व माय, हाई मशीन सोताच सुई देस का?" ताई म्हटली, नाही हो आई, हे नुसतं शुगर दाखवतं. पण म्हातारीनं नेमकं तेच विचारलं ज्याच्या मागे डॉक्टर अन् इंजिनिअर लोक साठेक वर्षं लागलेत, म्हणून हे सगळं लिहायला घेतलं.

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोला चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याआधी पोराला हा आजार झाला की उपाशीतापाशी ठेवून काही महिने काढायचे, एवढंच हातात होतं. औषध मिळालं, पण किती द्यायचं हे कसं कळणार? तर लघवीवरून. जुन्या लोकांना आठवत असेल, परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं पाणी, त्यात लघवीचे आठ थेंब, मग उकळायचं, निळंच राहिलं तर बरं, हिरवं पिवळं झालं तर थोडी साखर अन् विटकरी झालं की भरपूर. गोम अशी की रक्तात शुगर साधारण १८०च्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरतच नाही, अन् उतरते तीही काही तासांपूर्वीची. शुगर एकदम खाली घसरली तर पाणी आपलं निळंच, अन् रात्री झोपेत भीती असते ती या घसरण्याचीच.

बोटाच्या थेंबावर शुगर सांगणारं पहिलं मीटर १९७० साली अमेरिकेत आलं, किलोभर वजनाचं, ते पण दवाखान्यासाठी.

आपोआप देण्याचं म्हणाल तर त्याचे प्रयत्न त्याच्याही आधीचे आहेत. १९६३ च्या सुमारास अर्नोल्ड कॅडिश नावाच्या डॉक्टरांनी पाठीवर बांधायच्या पिशवीएवढं यंत्र केलं होतं. १९७४ ला परत टोरांटोतच अल्बिसर यांच्या टीमनं कॉम्प्युटरवर चालणारं केलं, अन् १९७७ ला बायोस्टेटर आलं, खाटेजवळ उभं करायचं धूड, शिरेतून सतत रक्त ओढून मोजायचं अन् शिरेतूनच इन्सुलिन किंवा ग्लुकोज सोडायचं. म्हणजे आजीच्या प्रश्नाला तेव्हाच "हो" उत्तर होतं, फक्त माणूस खाटेला बांधलेला पाहिजे! घरी नेण्यासारखं करायचं तर रक्त न ओढता शुगर दिसायला हवी होती, ते चामडीखालच्या सेन्सरनं जमलं. तो १९९९ ला मंजूर झाला, पण तीन दिवस लावून नंतर डॉक्टरनं आकडे बघायचे असा होता.

मधे १९९३ ला एक मोठा अभ्यास आला, १४४१ पेशंटचा. शुगर घट्ट ताब्यात ठेवली तर डोळे, किडनी, नसा वाचतात हे पक्कं झालं. पण घट्ट ठेवायला गेलं की शुगर खाली जाण्याचा धोका वाढतो, हेही त्यातच दिसलं. मग रात्री राखण कोण करणार? आईबाप.

अन् मला सगळ्यात भिडतं ते इथलं. सेन्सर होता, अंगाला लावून नळीतून चामडीखाली इन्सुलिन सोडणारा पंपही होता, पण सेन्सरचा आकडा बघून पंपानं आपणहून इन्सुलिन कमीजास्त करावं असं बाजारात काही नव्हतं, कंपन्यांच्या अजून चाचण्याच चालू. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका बापानं पोराच्या सेन्सरचे आकडे लांबून दिसतील असा कोड लिहिला, का तर पोरगं शाळेत अन् जीव इकडे टांगणीला. सिएटलच्या डाना लुईसला झोपेत सेन्सरचा अलार्मच ऐकू येत नव्हता, म्हणून तिनं अन् स्कॉट लीब्रँडनं आधी मोठ्ठा अलार्म केला अन् २०१४ च्या शेवटी छोट्याशा कॉम्प्युटरवरून थेट पंपच चालवला. पुढे ते सगळं लोकांना फुकट वापरायला दिलं. कंपनीचं पहिलं मशीन अमेरिकेत सप्टेंबर २०१६ ला मंजूर झालं, मेडट्रॉनिकचं ६७०जी, दर पाच मिनिटांनी शुगर बघून इन्सुलिन कमीजास्त करणारं.

असले पंप आता आपल्याकडेही मिळतात, पण लाखांची गोष्ट आहे, वर दर महिन्याचा सेन्सर अन् नळ्यांचा खर्च वेगळा. केळीचा भाव पडला त्या वर्षी कोणता शेतकरी घेणार? शिवाय आपला मे महिना, पारा ४५, लाईट गेलेली. ताई इन्सुलिनची बाटली स्टीलच्या डबीत घालून माठाजवळ ओल्या फडक्यात ठेवते. पंपातलं इन्सुलिन तर अंगालाच चिकटलेलं असतं, ते तापलं की त्याचा जोर जातो, याचा विचार करूनच घ्यावा लागेल.

अन् घेतलं तरी जेवणाचं मशीनला सांगावंच लागतं. चामडीखालचा आकडा रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो, टोचलेलं इन्सुलिन चढायला पाऊणएक तास घेतं, अन् वरण-बट्टी तोवर थांबत नाही. आजीला हे एकदाच समजावलं. आता ताट वाढायच्या आधी ती नातीला विचारते, "कितल्या बट्ट्या खाशी?" दोन म्हटलं की दोनच वाढते, अन् आत हाक मारून ताईला आकडा सांगते.